बारा तारखेचं पाकीट

आमच्या थॉर्नगिल गावाला पैसे कमी पडायची सवय आहे, जास्त व्हायची नाही. चर्चच्या छपरासाठी आम्ही अकरा वर्षं जमवाजमव करत होतो. शाळा तर पैशापायीच बंद पडली. त्यामुळे डेअरी विकत घ्यायला तीन लाख पौंड हवेत आणि दारात पाच लाख चाळीस हजार येऊन उभे राहिलेत, हे कळल्यावर कमिटीतल्या कोणाला हसावं की रडावं ते कळेना. आमचा खजिनदार नायजेल प्राउट. लंडनहून येऊन त्याला आठ वर्षं झाली, म्हणजे आमच्या हिशेबाने अजून नवाच. त्याने आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आता परत किती करायचे आणि कोणाला, ते ठरवा."

"परत?" टीना म्हणाली. ती पब चालवते. "आयुष्यात पहिल्यांदा पैसे आलेत आणि परत कसले करताय!"

पण परत करायचेच होते. मालक कंपनीने वसंतात डेअरी बंद करायची नोटीस लावली, तेव्हा आम्ही गावाने ती घ्यायची ठरवलं. एक पौंडाचा एक शेअर, कमीत कमी पन्नास घ्यायचे. पन्नासवाला असो की पाच हजारवाला, मत प्रत्येकाला एकच. तीन लाखांच्या वर एक पेनी घ्यायची नाही, असं आम्हीच छापून दिलं होतं. मग कुठल्याशा पेपरात आमच्या चीजवर लेख आला आणि ज्यांनी सुट्टीत एकदा आमच्याकडे येऊन ते पावाला लावून खाल्लं होतं, ती सगळी माणसं इंटरनेटवरून पैसे पाठवत सुटली. नऊशे अर्ज आले. त्यातले आमच्या खोऱ्यातले जेमतेम दीडशे.

वाटपाचा नियम मी लिहिला होता. मी एव्हरिल आयव्हसन, कमिटीची सेक्रेटरी. चौतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात काढली. मूल जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांत नोंद झाली पाहिजे म्हणजे झालीच पाहिजे, त्रेचाळिसाव्या दिवशी आलेल्या बापांची तोंडं मी बघितली आहेत आणि माझी पापणीसुद्धा हललेली नाही. तर नियम असा: पहिले दोनशे शेअर ज्याने मागितले त्याला पुरते मिळणार, मग तो कुठलाही असो. त्यानंतर खोऱ्यात राहणाऱ्याला हजारापर्यंत. उरलं ते बाहेरच्यांत प्रमाणात. हिशेब मांडला तेव्हा बाहेरच्यांना दोनशेच्या वरच्या रकमेत पौंडाला सतरा पेन्स पडत होते. नायजेलने तीनदा ताळा केला. मला म्हणाला, "एव्हरिल, याहून स्वच्छ वाटप मी शहरातसुद्धा पाहिलं नाही." मी वर वर काही दाखवलं नाही, पण घरी जाताना मान जरा ताठच होती.

आणि शेवटची तारीख. एकतीस ऑक्टोबर, दुपारी बारा. बारानंतर आलेले अकरा अर्ज मी परत केले. त्यात केरी ॲल्डरसनचा होता. तिचं तान्हं बाळ धाप लागून हॉस्पिटलात, ती बाळाच्या खाटेशी बसून फोनवरून पैसे भरत होती, आणि ते बारा वाजून वीस मिनिटांनी पोचले. बाळ घरी आल्यावर ती त्याला घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "वीस मिनिटं हो, एव्हरिल. वीस!"

"वीस म्हणजे वीसच गं," मी म्हटलं. "तुला घेतलं तर पंचवीसवाल्याला काय सांगू?"

तिने बाळाचं टोपडं नीट केलं आणि गेली. मी दार लावलं आणि चहा केला. मला झोप लागली त्या दिवशी, खोटं कशाला सांगू.

वाटपावर सह्या व्हायला तीन दिवस राहिले होते. बुधवारची सकाळ. वारा असा सुटला की फाटकाबाहेरचं माझं अंड्यांचं टेबल उलथून रस्त्यावर पडलं. आमच्या खोऱ्यात प्रत्येक फाटकाशी असं एक टेबल आणि एक पेटी असते. अंडी घ्यायची, पैसे पेटीच्या फटीतून आत टाकायचे, कोणी बघत नाही, कोणी मोजत नाही. पण खरं सांगायचं तर ती पेटी पैशांपुरती कधीच नसते. चर्चच्या मासिकाची वर्गणी तिच्यात पडते. लग्नाला येतो-नाही येतोची उत्तरं पडतात. एकदा तर कोणी माझीच हरवलेली कात्री टाकून गेलं होतं. मैलभरावरच्या घराला तिकीट लावून पत्र पाठवणाऱ्या माणसाला आमच्याकडे वेडा समजतात.

मी टेबल आत ओढलं. पेटी उचलली तर आत काहीतरी सरकलं. सप्टेंबरअखेरपासून कोंबड्यांनी पिसं टाकली होती, अंडी बंद होती, आणि डोक्याला या शेअरांचा एवढा ताप की मी पेटी उघडलीच नव्हती. सहा आठवडे. उघडली. आत दोन ओल्या नोटा, एक लॉटरीचं चिटोरं आणि एक जाड तपकिरी पाकीट. वर लिहिलं होतं: 'डेअरीचे शेअर. सेक्रेटरीसाठी. क्लिफर्ड आयव्हसन.'

मी तिथेच फाटकाला टेकले. क्लिफर्ड माझा दीर. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

ते सांगायलाच हवं. माझ्या सासऱ्यांच्या मृत्युपत्रात होतं की शेत त्या मुलांमध्ये वाटावं, जी 'माझ्या मृत्यूच्या दिवशी या घरात राहत असतील'. म्हाताऱ्याच्या मनात होतं तिसऱ्या मुलाला वगळायचं, जो कॅनडात जाऊन बसला होता. क्लिफर्ड जन्मभर त्या शेतात राबला. पण सासरे जायच्या सहा आठवडे आधी त्याने खालच्या गावात एक खोली घेतली होती, आमचं घर भरलं म्हणून, आमच्या मुलीला वेगळी खोली हवी म्हणून. झोपायला खाली जायचा, पहाटे धारांना वर हजर. वकिलाने विचारलं तेव्हा माझा नवरा डेनिस माझ्याकडे बघायला लागला. आणि मी म्हटलं, "लिहिलंय ते लिहिलंय." तीनच शब्द. क्लिफर्डच्या हाती काही लागलं नाही. तो डेअरीच्या दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर लागला आणि एकोणीस वर्षं आमच्याच फाटकावरून तो टँकर नेत राहिला, मान न वळवता. चार वर्षांपूर्वी डेनिसला पुरलं, तेव्हासुद्धा तो दफनभूमीच्या भिंतीबाहेर टोपी काढून उभा होता. आत आला नाही.

म्हणजे हे असं झालं होतं. आमच्या फॉर्मवर छापलेलं होतं, 'अर्ज सेक्रेटरीच्या पत्त्यावर आणून द्यावा.' फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही ही त्याची शपथ. पेटी फाटकाबाहेर. त्याने पाकीट पेटीत टाकलं आणि सगळ्या खोऱ्यासारखाच निर्धास्त झाला, की ते पोचलं.

मी पाकीट फोडलं नाही. तसंच घेऊन दुपारी चारला गावच्या हॉलमध्ये कमिटीपुढे ठेवलं आणि कुठे कसं सापडलं ते सांगितलं.

आमच्या अध्यक्ष बेरिल कीअर्टन. अर्ध्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलंय, म्हणून साठीचे बाप्येसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी मान हलवली, नायजेलने पाकीट फोडलं. वीस-वीसच्या नोटा, रबर लावलेल्या. पाचशे पौंड. आणि फॉर्म. सहीखाली तारीख, बारा ऑक्टोबर.

"वेळेत आहे," स्टुअर्ट म्हणाला. स्टुअर्ट फॉसेट आमचा चीज करणारा, डेअरी गेली असती तर पहिला तो रस्त्यावर आला असता. "बारा तारीख आहे, संपला विषय. त्याला खोऱ्यातला म्हणून पाचशे पुरते मिळतात."

"तारीख कोणीही कोणतीही लिहू शकतो," नायजेल म्हणाला. त्याचा सूर वाईट नव्हता, तो माणूसच तसा आहे, नाकासमोर चालणारा. मग त्याने फॉर्म उलटा केला आणि थांबला. "माझ्या पश्चात हे शेअर कोणाकडे जावेत, हा रकाना..." त्याने माझ्याकडे बघितलं. "एव्हरिल, इथे तुझं नाव आहे."

"काय?"

"एव्हरिल आयव्हसन. नातं: भावजय."

टीना म्हणाली, "अरे देवा!" मी टेबलाची कड धरली. एकोणीस वर्षांत ज्या माणसाने माझ्याकडे मान वळवली नाही, त्याने माझं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आडनावासकट, ठसठशीत अक्षरात.

नायजेल हळूच म्हणाला, "म्हणजे पेटी तुझी आणि पुढेमागे शेअरही तुझ्याकडे येणार. तुला यात मत देता येणार नाही. समजून घे."

"मला समजतंय," मी म्हटलं. "मला शिकवू नकोस."

मग उरले चौघे. स्टुअर्टने हात वर केला. "माणसाने एकोणीस वर्षं आमच्याकडे दूध आणलंय. गुडघाभर बर्फातून आणलंय. पबमध्ये काय म्हणाला होता माहितेय? टीना, सांग."

"म्हणाला, मागच्या दाराने खूप वर्षं गेलो, एकदा मालक म्हणून पुढच्या दाराने जाऊन बघायचंय," टीना म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "माझं मत आत घ्यायचं. कोणाचं काय जातंय? बाहेरच्या लोकांचे माणशी साठ-सत्तर पेन्स कमी होतील. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"आणि केरीला काय सांगू?" नायजेल म्हणाला. "तिचेही पेन्सच होते. शेवटच्या तारखेनंतर सापडलेलं पाकीट, तेही सेक्रेटरीच्या दिराचं, सेक्रेटरीच्याच पेटीत. हे आपण घेतलं, आणि तिचं नाही घेतलं. मी नाही म्हणतो. वाईट वाटून नाही म्हणतो."

बाईंनी टोपण लावलेलं पेन टेबलावर उभं-आडवं केलं. "मलाही नाहीच म्हणावं लागेल, जोवर ते कधी टाकलं हे कळत नाही. दोन-दोन झाली. अध्यक्षाचं जादा मत मी अशा गोष्टीला वापरणार नाही." मग म्हणाल्या, "त्यालाच विचारू या की."

स्टुअर्टने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. खूप वेळ वाजला. मग क्लिफर्डचा आवाज आला. एवढ्या वर्षांत तो थेट डेनिससारखा झाला होता.

"क्लिफर्ड, बेरिल कीअर्टन बोलतेय. तुझं पाकीट तू पेटीत कधी टाकलंस?"

"फॉर्मवर लिहिलंय, बाई."

"ते आम्ही वाचलं. आम्हाला कोणाची तरी साक्ष हवीय. कोणी बघितलं होतं का टाकताना?"

फोनमध्ये कुत्रं भुंकलं, त्याने त्याला गप्प केलं. "माझ्या शब्दाला साक्ष लागत असेल तर राहू दे. पेटी एव्हरिलची आहे. तिलाच विचारा. ती सांगेल ते मला चालेल."

आणि फोन ठेवला.

चौघेही माझ्याकडे वळले. बाई मला म्हणाल्या, आणि त्यांचा सूर शाळेत असायचा तसाच होता, "एव्हरिल, एकच प्रश्न. एकतीस तारखेच्या बाराच्या आत ते पाकीट तू पेटीत पाहिलं होतंस का? हो किंवा नाही. तू हो म्हणालीस तर आम्ही पुढे काही विचारणार नाही."

विचारणार नव्हतेच. खोऱ्यात माझा शब्द म्हणजे शिक्का. मी म्हटलं असतं, 'हो, पाहिलं होतं, कामाच्या धांदलीत राहून गेलं,' तर नायजेलनेसुद्धा मान डोलावून फॉर्म फाईलला लावला असता. एक शब्द. स्टुअर्ट तर माझ्याकडे असा बघत होता की तोच माझ्या तोंडातून तो ओढून काढेल. माझ्या घशात तो आला होता. खरंच आला होता. मला क्लिफर्ड दिसत होता, बारा वर्षांचा, मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हाचा, माझी ट्रंक दोन्ही हातांनी उचलून जिना चढणारा. मी त्याच्या तोंडचा घास एकदा काढला होता. आता परत द्यायला एक शब्द पुरत होता.

पण मी पाहिलं नव्हतं. मी पेटी उघडली नव्हती. आणि मग केरीच्या वीस मिनिटांचं काय करणार होते मी?

"नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं नव्हतं."

स्टुअर्टने खुर्ची मागे सारली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं: अर्ज नामंजूर, रक्कम परत.

ती रक्कम परत द्यायचं काम सेक्रेटरीचं. मी पोस्टाने पाठवू शकले असते. नायजेल म्हणालाही, "मी नेऊन देतो, तू नको जाऊस." मी म्हटलं, "ज्याने मोडलं त्यानेच जाऊन सांगायचं असतं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या गावात गेले.

तो परसात लाकडं फोडत होता. मला बघून कुऱ्हाड ठोकळ्यात रुतवली आणि हात पुसले. आत ये म्हणाला नाही. पण जा असंही म्हणाला नाही.

"नाही झालं," मी म्हटलं आणि पाकीट पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. "तुला विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"आणि?"

"मी पाहिलं नव्हतं, क्लिफर्ड. पेटीच उघडली नव्हती मी. तसंच सांगितलं."

त्याने पायाने एक ढलपी लाकडांच्या ढिगात सारली. "एक शब्द होता, एव्हरिल."

"खोटा झाला असता तो."

"खोटा?" त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मी बारा तारखेलाच टाकलं होतं. दुपारी तीनला. तू वरच्या मजल्याच्या खिडकीत पडदे झटकत होतीस. मला वाटलं तू बघितलंस. म्हणून तर मी निघालो."

मला आठवत होतं. पडदे आठवत होते. रस्ता आठवत नव्हता. मी कधी त्या रस्त्याकडे बघतच नसे, तो टँकर घेऊन जायचा म्हणून. म्हणजे मी खोटं बोलले असते, तर निकाल खरा लागला असता. आणि मी खरं बोलले आणि माणूस बाहेर राहिला.

"तेव्हाही असंच," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "शेताच्या वेळी. तेव्हाही तू खोटं काही बोलली नव्हतीस."

"नव्हते," मी म्हटलं. "पण तेव्हा मी चुकले होते. तुझे बाबा कोणाला वगळत होते ते मला माहीत होतं. डेनिसलाही माहीत होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी कागदाकडे बघत होते. मी चुकले, क्लिफर्ड. एकोणीस वर्षं मला हे कळतंय आणि माझी जीभ मेली वळत नव्हती."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं आता हा रडेल किंवा मला हाकलेल. दोन्ही केलं नाही. पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि न मोजता शर्टाच्या खिशात टाकलं.

"माझं नाव का लिहिलंस रे?" मी विचारलं. विचारल्याशिवाय मला तिथून हलताच येईना.

"रकाना रिकामा ठेवू नका, असं लिहिलं होतं फॉर्मवर." त्याने कुऱ्हाड उपटली. "आणि दुसरं कोण आहे मला?"

मी घरी आले. स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिले. माझे स्वतःचे हजार शेअर होते, अर्ज पहिल्याच दिवशी केलेला, नऊशेत माझा नंबर तिसरा. डेनिसच्या विम्यातून आलेले पैसे. डेअरीच्या पुढच्या दारावर मालकांच्या नावांची पाटी लागणार होती, आणि मला ते हवं होतं, कोणाला नको असतं! पण त्या पाटीवर आयव्हसन एकच आणि तीही मी, हे काही मला गिळवेना. दुसरा शेतातूनही बाहेर आणि इथूनही बाहेर. दोन्ही वेळा कायदा माझ्या बाजूला. शुक्रवारी सकाळी मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि नायजेलच्या घरी जाऊन दिल्या.

त्याने वाचलं. "अर्ज मागे? अगं, पण त्यामुळे क्लिफर्डला काही मिळणार नाही. तुझे हजार निघाले तर ते बाहेरच्यांत वाटले जातील. कोण ब्रायटनचा दातांचा डॉक्टर असेल, त्याला पौंडभर जास्त मिळेल."

"माहितेय. नियम मीच लिहिलाय."

"शेअर नसेल तर कमिटीवर राहता येणार नाही तुला. सहा महिने तू राबलीस, एव्हरिल. तुझ्याशिवाय हे उभंच राहिलं नसतं."

"तेही माहितेय."

"मग कशासाठी?" तो खरंच गोंधळला होता बिचारा. "हे न्यायाचं नाहीये. तुझ्यावर अन्याय आहे हा."

"न्याय तुम्ही बुधवारी केलात आणि बरोबर केलात," मी म्हटलं. "हा न्याय नाही. मला तिथे बसवणार नाही, एवढंच. पोच दे मला, तारीख घालून."

त्याने पोच दिली. शनिवारी वाटपावर सह्या झाल्या. माझ्या जागी सेक्रेटरी म्हणून स्टुअर्टची बायको आली. पोरगी हुशार आहे, अक्षर मात्र कोंबडीच्या पायांचं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी पहिली सभा झाली. हॉल गच्च भरला होता. दारात टीना भागधारकांना हिरवी कार्डं वाटत होती, मत द्यायचं तर ते वर धरायचं. कार्डवाल्यांच्या खुर्च्या पुढे. मध्ये एक जाड दोरी. दोरीमागे आम्ही बिनकार्डाचे, भिंतीला लागून दोन बाकांवर. टीनाने सवयीने एक कार्ड माझ्यापुढे केलं, मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ते मागे घेतलं. मी म्हटलं, "चल, पुढच्याला दे. रांग लागलीय."

दोरीमागे केरी होती, बाळाला मांडीवर घेऊन. मला बघून तिने भुवया उंचावल्या, आणि बाळाची पिशवी उचलून जागा केली. तिच्यापलीकडे बाकाच्या टोकाला क्लिफर्ड. दाढी केलेली, टाय घातलेला. मी तिथे काय करतेय हे त्याला कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. खोऱ्यात काही लपत नाही, म्हणजे सांगितलंच असेल. मी केरीला ओलांडून गेले आणि त्याच्या शेजारी बसले. तो जरा सरकला.

पुढे बाई उभ्या राहिल्या. त्यांनी ठराव वाचला. डेअरी आजपासून या गावाच्या, या खोऱ्याच्या आणि दूरच्या मित्रांच्या मालकीची झाली आहे, वगैरे. त्यातली वाक्यं माझी होती, एकूण एक. ऑगस्टमध्ये मी ती स्वयंपाकघरात बसून चार वेळा खोडून लिहिली होती. बाईंचा आवाज जरा कापला. "जे अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळा हॉल हिरवा झाला. खुर्च्यांचा आवाज झाला, लोक उभेच राहिले. स्टुअर्ट दोन्ही हात वर करून रडत होता. मला काय झालं कोण जाणे, माझाही हात वर गेला. सहा महिने त्याच एका क्षणासाठी मी जगत होते, हाताला काय माहीत. तो डोक्याच्या वर पोचला तेव्हा कोणीतरी माझं कोपर धरलं. मोठा, खरबरीत हात होता.

"खाली घे," क्लिफर्ड हळूच म्हणाला. "आपण नाही त्यात."

मी हात खाली घेतला. त्याने माझं कोपर सोडलं नाही.